कर्नेलमधील एनएफएस सर्व्हर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरविषयी एक विधान इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने केले जाते की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे : हा सर्व्हर कर्नेलमध्ये आहे, म्हणून तो वेगवान आहे. एनएफएस ही सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमारास आणलेली व्यवस्था. एका यंत्रावरच्या फाइली दुसऱ्या यंत्रावर, तेथल्याच डिस्कवर असल्यासारख्या, वापरता येणे हे तिचे काम. कर्नेल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, जो मेमरी, डिस्क आणि नेटवर्क प्रत्यक्ष हाताळतो. त्याच्याबाहेर सामान्य प्रोग्रॅम जेथे चालतात ती यूजर स्पेस. लिनक्सचा पहिला एनएफएस सर्व्हर यूजर स्पेसमध्येच होता, आणि ओलाफ किर्श यांनी लिहायला घेतलेला कर्नेलमधला सर्व्हर १९९९ च्या २.२ आवृत्तीपासून सर्वत्र रूढ झाला.

या समजात तथ्याचा अंश आहे. यूजर स्पेसमधल्या सर्व्हरकडे आलेली विनंती आधी कर्नेलमधून त्या प्रोग्रॅमकडे जाते, तेथून फाइल वाचण्यासाठी पुन्हा कर्नेलकडे येते, आणि प्रत्येक खेपेत मजकुराची नक्कल होते. कर्नेलमधला सर्व्हर मात्र मेमरीत आधीच असलेली फाइलीची पाने नक्कल न करता थेट नेटवर्ककडे सोपवू शकतो. मोठ्या फाइली, भरपूर मेमरी आणि वेगवान नेटवर्क असेल तेथे हा लाभ खरा आहे. परंतु एनएफएस मंद असल्याची तक्रार बहुधा मोठ्या फाइलींच्या वाचनाची नसतेच. ती असते हजारो लहान फाइली तयार करण्याची : सोर्स कोडचे गाठोडे उलगडणे, मेलच्या डिरेक्टऱ्या हलवणे, प्रोजेक्ट बिल्ड करणे.

असे एक गाठोडे जवळून पाहावे. त्यात १०,००० लहान फाइली आहेत आणि सर्व्हरला मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी साधी डिस्क आहे असे धरले, तर तिच्या एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक फाइलीमागे मजकूर डिस्कवर पक्का होण्यासाठी एकच फेरा खर्च झाला असे मानले, तरी एकूण प्रतीक्षा ८३ सेकंदांची होते. याउलट कर्नेल आणि यूजर स्पेस यांच्यामधल्या अधिकच्या ये-जा फाइलीमागे १० मायक्रोसेकंद खातात असे सढळ हाताने धरले, तरी त्यांची बेरीज एका सेकंदाचा दहावा भाग भरते. कर्नेलमधला सर्व्हर वाचवतो तो हा दहावा भाग; ८३ सेकंद जसेच्या तसे राहतात.

ते का राहतात, याचे उत्तर एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीच्या जून १९९५ मधल्या तपशिलात, म्हणजे आरएफसी १८१३ मध्ये, स्पष्ट दिलेले आहे. फाइल तयार करणे, तिचे नाव बदलणे किंवा ती काढून टाकणे यांपैकी काहीही केल्यावर तो बदल वीज गेली तरी टिकेल अशा ठिकाणी पोहोचल्याशिवाय सर्व्हरने ‘झाले’ असे उत्तर द्यायचे नसते. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक लेखनालाही हाच नियम होता. तिसऱ्या आवृत्तीने त्यात सवलत दिली : क्लायंटने, म्हणजे फाइली वापरणाऱ्या यंत्राने, मजकूर पाठवत राहावा, सर्व्हरने तो तूर्त मेमरीत ठेवावा, आणि शेवटी क्लायंटने ‘कमिट’ मागितल्यावर तो डिस्कवर पक्का करावा. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत आठ बाइटांची एक खूण पाठवतो आणि मध्येच कोसळून पुन्हा उठला तर ती खूण बदलतो. बदललेली खूण पाहून क्लायंट आपल्याकडे राखून ठेवलेला मजकूर पुन्हा पाठवतो. ही रचना अतिशय सुंदर आहे, आणि सर्व्हर कर्नेलमध्ये असो वा बाहेर, ती त्याला सारखीच बांधते.

गैरसमजाचे खरे नुकसान येथून सुरू होते. सर्व्हर कर्नेलमध्ये असूनही काम मंद होते म्हटल्यावर शोध कोणती डिरेक्टरी कोणाला द्यायची हे नोंदवणाऱ्या एक्स्पोर्ट्स फाइलीतल्या ‘असिंक’ या पर्यायापाशी येऊन थांबतो. तो लिहिला की ८३ सेकंदांचे काही सेकंद होतात आणि वेग वाढवल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात सर्व्हरला खोटे बोलण्याची परवानगी मिळालेली असते. डिस्कवर न पोहोचलेल्या मजकुरालाही तो ‘पक्का झाला’ म्हणतो, त्यावर विसंबून क्लायंट आपली प्रत टाकून देतो, आणि त्याच क्षणी सर्व्हर कोसळला तर तो मजकूर कोठेच उरत नाही. एक्स्पोर्ट्सच्या अधिकृत माहितीपानावर हा इशारा दिलेला आहे, आणि एनएफएस-यूटिल्सच्या १.०.० नंतरच्या सर्व आवृत्त्यांत ‘सिंक’ हाच मूळ पर्याय ठेवलेला आहे. तरीही ‘असिंक’ची शिफारस वर्षानुवर्षे डोळे झाकून पुढे सरकवली जाते, हे क्षम्य नाही. वेग हवा असेल तर विजेविना मजकूर जपणारी लेखन-मेमरी असलेला कंट्रोलर किंवा तसाच एसएसडी घ्यावा, म्हणजे वचन न मोडता प्रतीक्षा घटते.

मग सर्व्हर कर्नेलमध्ये नेण्याचे कारण काय, तर वेगाइतकेच ते फाइल हँडलचे आहे. एनएफएसमध्ये क्लायंट फाइलीला तिच्या मार्गाने नव्हे, तर सर्व्हरने दिलेल्या एका लहान खुणेने, म्हणजे हँडलने, ओळखतो. तिसऱ्या आवृत्तीत ही खूण जास्तीत जास्त ६४ बाइटांची असते, आणि फाइलीचे नाव बदलले किंवा सर्व्हर पुन्हा सुरू झाला तरी ती चालावी लागते. कर्नेलला आयनोडवरून, म्हणजे फाइल व्यवस्थेतल्या अंतर्गत नोंदीवरून, फाइल थेट गाठता येते. जुन्या यूजर स्पेस सर्व्हरला मात्र केवळ मार्ग ठाऊक असत, त्यामुळे फाइल हलली की त्याला डिरेक्टऱ्या शोधत बसावे लागे. २०११ मधल्या कर्नेलच्या २.६.३९ आवृत्तीने विशेष अधिकार असलेल्या प्रोग्रॅमांना हँडलवरून फाइल उघडण्याची सोय दिली आणि ही अडचण बरीच ओसरली. एनएफएस-गणेशा हा यूजर स्पेसमधला सर्व्हर आज गंभीर कामांसाठी वापरला जातो तो म्हणूनच. ‘कर्नेलबाहेरचा सर्व्हर म्हणजे खेळणे’ हे मत त्यामुळे कालबाह्य झालेले आहे.

संपूर्ण सर्व्हर कर्नेलमध्ये असतो, हेही खरे नाही : कोणत्या यंत्राला कोणती डिरेक्टरी द्यायची हे कर्नेल यूजर स्पेसमधल्या माउंटडीला विचारते, आणि ‘आरपीसी.एनएफएसडी’ ही आज्ञा थ्रेडांची संख्या कर्नेलला कळवून लगेच संपते. प्रक्रियांच्या यादीत चौकटी कंसात ‘एनएफएसडी’ असे जे दिसते, ते कर्नेलचे थ्रेड असतात. त्यांची संख्या वाढवल्याने डिस्क वेगाने फिरू लागत नाही. कर्नेलमधला सर्व्हर आपोआप सुरक्षितही होत नाही, कारण ‘सिस’ या नेहमीच्या प्रमाणीकरणात क्लायंट जो वापरकर्ता क्रमांक सांगतो तोच खरा मानला जातो. ओळख खरोखर पटवायची असेल तर कर्बेरॉस लागतो. टीएलएसचे कूटलेखन कर्नेलमधल्या सर्व्हरला जमणार नाही, ही समजूतही चुकीची आहे : आरएफसी ९२८९ ने २०२२ मध्ये त्याची रीत ठरवली, आणि लिनक्समध्ये सुरुवातीचा हँडशेक यूजर स्पेसमधला टीएलएसएचडी पार पाडतो.

‘जे जे सर्व्हर ते ते कर्नेलमध्ये असावे’ हा निष्कर्ष तर लिनक्सने स्वतःच फेटाळलेला आहे : २.४ आवृत्तीत आलेला केएचटीटीपीडी हा कर्नेलमधला वेब सर्व्हर पुढे काढून टाकण्यात आला. विंडोजच्या फाइल-वाटपाची एसएमबी भाषा बोलणारा केएसएमबीडी हा सर्व्हर २०२१ मध्ये ५.१५ आवृत्तीत दाखल झाला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये झीरो डे इनिशिएटिव्हने त्यातली सीव्हीई-२०२२-४७९३९ ही त्रुटी १० पैकी १० गुण देऊन जाहीर केली, कारण लॉगिन न करताही दूरवरून थेट कर्नेलमध्ये कोड चालवणे तिच्यामुळे शक्य होते. ती ऑगस्टमधल्या ५.१५.६१ मध्ये आधीच दुरुस्त झालेली होती. तरीही सगळे लिनक्स सर्व्हर धोक्यात असल्याची चर्चा पसरली. वस्तुतः सांबा हा एसएमबीचाच, पण यूजर स्पेसमधला वेगळा सर्व्हर आहे आणि त्याला या त्रुटीचा स्पर्शही नव्हता. केएसएमबीडीचे मॉड्यूल लोड केलेले आहे की नाही, हे ‘एलएसमॉड’ ही एक आज्ञा देऊन पाहता येते.