खेळ घडवू या

मैदानावर लगोरी खेळताना तिचे नियम कोणी ठरविले असतील, असा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. लगोरीत सात चपटे दगड एकावर एक रचतात. ते दोनच असते, तर खेळ क्षणात संपला असता. पन्नास असते, तर लगोरी पुन्हा रचणे कोणालाच साधले नसते. खेळाची गोडी दगडांत नसते, ती नियमांत असते. संगणकाच्या पडद्यावर आपण जे व्हिडिओ गेम खेळतो, त्यांनाही हेच तत्त्व लागू पडते.

१९५८ साली अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम ह्या शास्त्रज्ञाने, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांचे मन रमावे म्हणून, टेनिसचा एक खेळ तयार केला. पडदा वाटोळा व तळहाताएवढा. त्यावर चेंडू म्हणून प्रकाशाचा ठिपका आणि जाळे म्हणून एक लहानशी उभी रेघ. एवढ्याशा खेळासाठी लोकांनी रांगा लावल्या!

आता समजा, पनवेलच्या एखाद्या शाळेने असे खेळ घडविण्याची कार्यशाळा नवशिक्या मुलांसाठी योजिली आहे. मुले वीस, संगणक दहा आणि अवधी दोन दिवसांचा. तिची आखणी कशी करावी?

पहिली गोष्ट म्हणजे मर्यादा घालून घेणे. बाजारातील मोठे खेळ शेकडो माणसे वर्षानुवर्षे खपून तयार करतात. दोन दिवसांत त्यांच्या मागे लागणारा मुलगा रिकाम्या हातांनी घरी जाईल. म्हणून एकच पडदा, एकच खेळाडू, जिंकण्याचा एक नियम आणि हरण्याचा एक, एवढेच ठरवावे. पनवेलजवळ कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. त्यावरून एक साधा खेळ सुचतो : पक्ष्याने दहा फळे वेचावीत, वाटेत ससाण्याने गाठले, की खेळ संपला.

पहिल्या दिवशी सकाळी संगणकाला हातही लावू नये. कागदावर झाडे काढावीत, खड्यांचे पक्षी करावेत आणि खेळ खेळून पाहावा. ससाणा फार वेगवान झाला काय? फळे फार जवळजवळ पडली काय? कागदावरील चूक सुधारण्यास खोडरबर पुरते.

दुपारी संगणकाकडे वळावे. त्यासाठी स्क्रॅच हे २००७ साली सर्वांसाठी खुले झालेले साधन सोईचे आहे. त्याला मूल्य पडत नाही. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवावयाचे असतात. ‘उजवी कळ दाबली, तर पक्षी दहा पावले पुढे ने’. ‘फळाला स्पर्श झाला, तर एक गुण वाढव.’ संगणक सांगितले तेवढेच करतो. स्पर्श होताच फळ नाहीसे करावयास सांगितले नाही, तर पक्षी फळावर बसून राहतो आणि गुण वाढतच जातात! एका संगणकावर दोघे बसतील, तेव्हा एकाने कळा दाबाव्यात व दुसऱ्याने नियम वाचून दाखवावेत. अर्ध्या तासाने कामे बदलावीत.

दुसरा दिवस परीक्षेचा. आपला खेळ दुसऱ्या जोडीस खेळावयास द्यावा, आणि आपण मागे मुकाट्याने उभे राहावे. हे मुकाट्याने उभे राहणे सर्वांत कठीण! खेळणारा अडखळला, की “अरे, तसे नव्हे!” असे ओरडावेसे वाटते. परंतु आपला खेळ दूर कोणाच्या घरी गेला, तर तेथे सांगावयास आपण कोठे असणार? जेथे खेळणारा अडखळतो, तेथे बहुधा उणीव खेळात असते. ती टिपून घ्यावी आणि सुधारावी. ह्या सुधारणेसाठी संपूर्ण दुपार राखून ठेवावी. घाईच्या योजनेत नेमका हाच वेळ कापला जातो.

संध्याकाळी प्रत्येक जोडीपाशी एक लहानसा, पण पुरा झालेला खेळ असेल. तो साधा असेल. तथापि काल जी मुले केवळ दुसऱ्याने ठरविलेल्या नियमांनी खेळत होती, ती आज स्वतः नियम करू लागली, आणि आपला नियम दुसऱ्यास कसा वाटतो, हे पाहावयासही शिकली.