महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल : बाबासाहेबांना संविधान सभेत पाठविणारा वकील

बाबासाहेब संविधान सभेत पहिल्यांदा कुठून निवडून गेले? उत्तर आहे बंगालमधून. १९४६ साली मुंबई प्रांतातून त्यांना निवडून येण्याइतकी मते नव्हती. त्या वेळी बंगालमध्ये त्यांच्यासाठी मते उभी केली ती जोगेंद्रनाथ मंडल यांनी.

२९ जानेवारी १९०४ रोजी बरिसाल जिल्ह्यातील एका खेड्यात, नमोशूद्र समाजातील गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. बिकट परिस्थितीतून शिकून ते वकील झाले. १९३७ च्या निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर अपक्ष उभे राहून त्यांनी सवर्ण जमीनदार घराण्यातील काँग्रेस उमेदवाराला हरविले. पुढे ते बंगालमध्ये मंत्री झाले. १९४३ साली त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची बंगाल शाखा स्थापन केली. १९४६ मध्ये प्रांतिक विधानसभेत फेडरेशनचे ते एकटेच आमदार होते. तरीही इतर दलित आमदारांची मने वळवून त्यांनी बाबासाहेबांचा विजय घडवून आणला.

फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले कायदा व कामगार मंत्री झाले. बंगालमधील मुसलमान आणि दलित हे दोघेही बहुतांशी कष्टकरी शेतकरी, म्हणून त्यांचे हितसंबंध एकच आहेत, असा त्यांचा विचार होता. हा विश्वास फोल ठरला. पूर्व बंगालमध्ये दलितांवर व हिंदूंवर अत्याचार झाले. त्यांनी दाद मागितली, पण सरकारने ऐकले नाही. ८ ऑक्टोबर १९५० रोजी पंतप्रधान लियाकत अली खान यांना सविस्तर पत्र लिहून त्यांनी राजीनामा दिला आणि कोलकात्यात आले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९४७ साली भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांचे कायदामंत्री अस्पृश्य समाजातून आलेले वकील होते. मंडल यांनी १९५० मध्ये आणि बाबासाहेबांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला. दोघांनीही खुर्चीपेक्षा समाज मोठा मानला.

भारतात परतलेल्या मंडल यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. त्यांनी निवडणुका लढविल्या, पण पुन्हा निवडून आले नाहीत. अखेरपर्यंत ते निर्वासितांसाठी झटत राहिले. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी बनगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यांची स्मृती जपली ती घरच्यांनी. पुत्र जगदीशचंद्र मंडल यांनी वडिलांची पत्रे, भाषणे व कागदपत्रे गोळा करून बंगालीत अनेक खंडांचे चरित्र प्रसिद्ध केले.

आज मंडल यांचे नाव बरेचदा दलित-मुस्लिम ऐक्याला नावे ठेवण्यासाठीच घेतले जाते. त्यांचा एक निर्णय चुकला असेल, पण तो चुकल्याचे दिसताच मंत्रिपद सोडण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले. त्यांनी निवडून आणलेले बाबासाहेब पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधान दिन साजरा करताना बरिसालच्या या वकिलाला आपण विसरता कामा नये.