जुन्या मोटारसायकलीसाठी योग्य इंजिन तेलाची निवड

पवनानगर परिसरातील शेतकऱ्याच्या घरी मोटारसायकल ही चैनीची वस्तू नव्हे. पहाटेचे दूध, भाजीपाला व खताची गोणी यांची ने-आण तिच्यावरच होते. पंधरा-वीस वर्षे वापरलेले वाहन मावळातील चढउतारांवर भर पावसात ओझे वाहते. ऐन भातलावणीत ते अडून बसले, तर दूध नासते आणि इंजिन खोलण्याचा खर्च अंगावर पडतो. योग्य तेल वापरल्यास हे नुकसान पुष्कळ अंशी टळते.

प्रथम इंजिनाचा प्रकार ओळखावा

राजदूत, येझदी यांसारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल इंजिनात जळून जाते. गिअरपेटीचे तेल निराळे असते. मिश्रणासाठी टू-स्ट्रोकचेच तेल घ्यावे व त्याचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. तेल कमी पडल्यास पिस्टन जाम होतो. अधिक झाल्यास धूर वाढतो व प्लगवर काजळी धरते.

१९९४ मध्ये आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरसारख्या फोर-स्ट्रोक गाड्यांत एकच तेल इंजिन, गिअर व क्लच या तिन्हींस पुरते. म्हणून मोटारीचे किंवा पॉवर टिलरसाठी आणलेले तेल घरात शिल्लक आहे, एवढ्यावरून ते यात ओतू नये. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांमुळे तेलात बुडालेला क्लच घसरतो. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे सरकत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ अथवा ‘एमए-२’ अशी खूण पाहून घ्यावी.

दाटपणा किती असावा?

‘१० डब्ल्यू ३०’ यातील पहिला आकडा थंडीतील व दुसरा तापलेल्या स्थितीतील दाटपणा दर्शवितो. जुन्या इंजिनास दाट तेलच हवे, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. अरुंद मार्गांतून दाट तेल थंडीत सावकाश पोहोचते, आणि तेवढ्या वेळात झीज होते. पुस्तिकेत मुभा असेल तरच एक पायरी दाट तेल घ्यावे. निळसर धूर येत असल्यास पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले तपासावीत. झिजलेला भाग तेलाने भरून निघत नाही.

पावसाळ्यातील दक्षता

१. गाडी सपाट जागी सरळ उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी तेलाची पातळी पाहावी.

२. ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेल्यावर तेल ताकासारखे पांढुरके दिसल्यास पाणी शिरले असे समजावे. अशी गाडी न चालविता तेल बदलून घ्यावे.

३. सुटे तेल घेऊ नये. बंद डब्याचे सील तपासावे.

४. तेल बदलल्याची तारीख व किलोमीटर यांची नोंद ठेवावी. रंगावरून निर्णय घेऊ नये, कारण चांगले तेलही काजळी धरून काळे होते.

काढलेले तेल बांधावर वा ओढ्यात टाकू नये. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडची वस्ती पिते. जुने तेल डब्यात साठवून, ते पुनर्प्रक्रियेस पाठविणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. ग्रामसेवकांनी पावसाळ्यापूर्वीच्या सभेत हा विषय अवश्य मांडावा.