मुली कच खातात म्हणे!

“पोरी आहेत हो. चोवीस-चोवीस झालं की कच खाणारच.” व्हॉलीबॉलच्या कोर्टाबाहेर हे कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये बंगालीत ऐकू येतं आणि पुण्या-सांगलीकडे मराठीत. बोलणारे बहुधा मुलींचे बाप, काका नाहीतर प्रशिक्षकच असतात. त्यांच्या आवाजात कीव असते, हे मान्य. पण कीव असली म्हणून विधान खरं ठरत नाही.

आधी खेळाचा हिशोब बघू. व्हॉलीबॉलमध्ये पूर्वी फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळायचा. सर्व्हिस नेटमध्ये गेली तर सर्व्हिस जायची, गुण जात नसे. रॅली पॉइंट पद्धत आली (ऑलिंपिकमध्ये 2000 च्या सिडनीपासून) आणि प्रत्येक चूक थेट समोरच्याच्या खात्यावर जमा होऊ लागली. त्यामुळे 24-24 ला नेटमध्ये गेलेली सर्व्हिस गावभर होते. तिथवर सामना आणणारे लिबेरोचे (बचावपटूचे) पास मात्र कुणाला आठवत नाहीत.

शिवाय वरच्या दर्जाच्या खेळात सर्व्हिस घेणारा संघ निम्म्याहून अधिक रॅली जिंकतो, कारण पहिला हल्ला त्याचा असतो. मग सर्व्हिस नुसती अलगद पलीकडे टाकली की सेटरला आयता पास मिळतो आणि पुढचं स्मॅशर बघून घेतो. म्हणून समजदार खेळाडू जोरकस सर्व्हिस करते, त्यातल्या काही वाया जातात. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत जंप सर्व्हिसमुळे अशा चुका महिलांच्या सामन्यांपेक्षा जास्त होतात. सर्व्हिस चुकणं म्हणजे कच खाणं असेल, तर जगातले सगळ्यात घाबरट खेळाडू पुरुषच म्हणायला हवेत! पण तसं कुणी म्हणत नाही. मुलाची सर्व्हिस बाहेर गेली की “रिस्क घेतली पठ्ठ्याने”, आणि मुलीची गेली की “घाबरली”. चूक तीच, शेरा वेगळा.

दडपणाखाली कोण किती ढासळतं, हे टेनिसमध्ये मोजून झालं आहे. डॅनी कोहेन-झादा आणि सहकाऱ्यांनी 2010 च्या ग्रँड स्लॅम स्पर्धांतले एकेरीचे गेम तपासून 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेटच्या निर्णायक टप्प्यावर पुरुषांची कामगिरी सातत्याने घसरली. महिलांचं चित्र संमिश्र होतं आणि जिथे घसरण दिसली तिथेही ती पुरुषांच्या साधारण निम्मी होती. व्यावसायिक टेनिसपटू आणि सोळा वर्षांची व्हॉलीबॉलपटू यांत अंतर आहे, हे उघड आहे. पण “बाईची जातच हळवी” हा जो सरसकट दावा असतो, त्याला एवढा पुरावा भारी पडतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रश्नावली दिली की मुली सरासरीने जास्त चिंता नोंदवतात, आत्मविश्वास कमी सांगतात. हे अनेक अभ्यासांत दिसतं. पण काळजी वाटणं वेगळं आणि खेळ बिघडणं वेगळं. पोटात गोळा येऊनही हात बरोबर चालू शकतो.

हात बिघडतो कशाने? रॉय बाउमायस्टर यांनी 1984 मध्ये प्रयोगांतून दाखवलं की दडपणाखाली माणूस स्वतःच्या हालचालींकडेच बघू लागतो आणि अंगवळणी पडलेलं कौशल्य अडखळतं. सायन बाइलॉक यांचे पुढचे प्रयोगही तेच सांगतात. आता आपल्याकडचा कुठलाही ज्युनियर सामना आठवा. 24-24 ला साइडलाइनवरून काय ओरडलं जातं? “मनगट बघ! कोपर वर! पाय!” म्हणजे जे करायला नको, नेमकं तेच. आणि चेंडू बाहेर गेला की हेच गृहस्थ म्हणतात, मुली कच खातात!

पंचांच्या शिट्टीनंतर सर्व्हिसला आठ सेकंद मिळतात. तयारीची मुलगी त्यात चेंडूचे ठरलेले टप्पे मारते, श्वास लांब सोडते, पलीकडच्या कोर्टवरची एक जागा हेरते, मनात एखादा छोटा शब्द म्हणते आणि टॉस टाकते. मनगट तिच्या डोक्यात नसतं, जागा असते. हे जन्मजात येत नाही, रोजच्या सरावात घोटावं लागतं. स्वतःशी ठरवून बोलण्याच्या या तंत्रावरच्या 32 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2011 मध्ये ग्रीक संशोधकांनी घेतला. परिणाम मध्यम, पण खरा निघाला. चमत्कार नाही. पास कच्चा असेल तर मंत्र म्हणूनही तो सुधारणार नाही.

“मनाची ताकद उपजतच लागते” म्हणणारे सॉल्ट लेकमध्ये स्वप्ना बर्मनचं नाव घेतात. खेळ वेगळा, पण उदाहरण तिथलंच. जलपाईगुडीची ही मुलगी तिथल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात घडली. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दातदुखीमुळे जबड्यावर पट्टी चिकटवून ती हेप्टॅथलॉन खेळली आणि 6026 गुणांसह सुवर्णपदक घेऊन आली. पट्टीचा फोटो सगळ्यांना आठवतो. 2014 च्या इंचॉनमध्ये ती पदकाविना परतली होती, हे कुणी सांगत नाही. मधल्या चार वर्षांच्या सरावाला “उपजत जिद्द” म्हणून मोकळं होणं हा तिच्यावर आणि तिच्या प्रशिक्षकावर अन्याय आहे.

बाकीचे समज थोडक्यात. “मानसशास्त्रज्ञ डोकं बिघडल्यावर लागतो”: नाशिकच्या भीष्मराज बाम यांच्याकडे अंजली भागवत जात होती ती नेमबाजीसाठी, आणि 2022 च्या विश्वचषकात महिला क्रिकेट संघासोबत डॉ. मुग्धा बावरे होत्या. “पाळीत खेळ ढासळतोच”: 2020 च्या मोठ्या आढाव्यात सरासरी फरक नगण्य आढळला, जिला त्रास होतो तिचा त्रास मात्र खरा, तिला विचारा. “व्हॉलीबॉलने उंची वाढते”: उंच मुली निवडल्या जातात, एवढंच. “जिंकणाऱ्या संघाने प्रश्नावलीत आत्मविश्वास जास्त नोंदवला, म्हणजे आत्मविश्वासानेच जिंकले”: स्पर्धेनंतर प्रश्नावली वाटली तर दुसरं काय भरणार? जिंकल्यावर कुणालाही आत्मविश्वास येतो.

पुढच्या सामन्याला जाताना कागद-पेन घेऊन जा. विसाव्या गुणानंतर मुलांच्या आणि मुलींच्या वाया गेलेल्या सर्व्हिस मोजा, दोन्हीकडच्या, सेट संपेपर्यंत. मग बोलू.