गीझर काय सांगतोय?



पूर्वी परसात तांब्याचा बंब असायचा. लाकूड किती सारलं, जाळ किती झाला, पाणी किती तापलं, सगळं डोळ्यांसमोर. आता न्हाणीघराच्या भिंतीवर गीझर आला. बटण दाबलं की गरम पाणी. सोय झाली, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. फक्त ऐकू येतं. आज बोलायचंय ते या आवाजांबद्दल.

माझी सून बाळाला घेऊन माहेराहून आली, त्या थंडीतली गोष्ट. गीझर लावला की आतून कुणी खडे टाकतंय असा आवाज यायचा. खडखड, फुटफुट, मधेच गडगड. सून बाळाला घेऊन न्हाणीत जायला घाबरू लागली. शेजारणीने तर दृष्ट काढायला सांगितलं. शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने गीझरखालच्या नळीकडे बघितलं आणि म्हणाला, "आवाजाचं नंतर. आधी हे बूच कुणी मारलं ते सांगा."

बूच आमच्या घरच्यांनीच मारलं होतं. तिथून थेंब थेंब पाणी गळायचं, फरशी ओली व्हायची, म्हणून. त्याचं काय ते पुढे सांगते. आधी आवाज कसा शोधायचा ते बघू.

पहिली गोष्ट, आवाज कधी येतो ते दोन-तीन दिवस लक्षात ठेवा. पाणी तापताना येतो, बटण बंद केल्यावर येतो, की नळ सोडताना-बंद करताना? दुसरी गोष्ट, आवाज येत असताना हात कोरडे करून बटण बंद करा आणि ऐका. आवाज लगेच किंवा थोड्याच वेळात थांबला, तर तो तापण्याशी किंवा विजेशी जोडलेला आहे. तसाच राहिला, तर तो पाण्याचा किंवा पत्र्याचा आहे. एवढ्यानेच निम्मा शोध लागतो.

आता एकेक आवाज घेऊ.

बटण बंद केल्यावर किंवा पाणी तापायला लागल्यावर टक... टक... असं होतं. पत्रा आणि नळ्या तापल्या की किंचित वाढतात, निवल्या की आकसतात. त्याचा हा आवाज. रात्री शांत असतं म्हणून मोठा वाटतो. पाणी पुरेसं तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो, तेव्हाही एकदा 'टक' होतं. याला भ्यायचं कारण नाही.

नळ झटकन बंद केला की भिंतीत धाडकन आवाज होतो. जोरात धावणारं पाणी एकदम अडलं की नळीला धक्का बसतो. नळ हळू बंद करून बघा. तरीही धक्का बसत असेल, तर सुटलेली नळी क्लिप मारून भिंतीला घट्ट बसवून घ्या. नाहीतर सांधे ढिले होतात.

तापताना खडखड-फुटफुट होतं, तो आमच्या घरचा आवाज. बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याला पांढरा थर धरतो, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. पाण्यात विरघळलेले क्षार तापल्यावर घट्ट होऊन बसतात. गीझरच्या कॉइलवरही तोच थर चढतो. थराच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुटतात, त्याचा हा आवाज. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. पाणी तापायला वेळ लागतो आणि एक दिवस कॉइल जळते. आमच्या कॉइलवरून वायरमनने ओंजळभर खपल्या काढल्या.

बटणाजवळ किंवा गीझरमध्ये गुंईं किंवा चर्रर्र आवाज आला, जळका वास आला किंवा पाण्याला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर शोध घेत बसू नका. मेन स्विच बंद करा. वायरमनने बघेपर्यंत गीझर लावायचा नाही.

आता त्या बुचाबद्दल. पाणी तापलं की फुगतं. पंधरा लिटर गार पाणी चांगलं कढत झालं, तर साधारण पाव ते एक तृतीयांश लिटर जास्त जागा मागतं. बंद टाकीत ते जाणार कुठे? त्यासाठी खाली सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तापताना तिथून थोडे थेंब पडले, तर तो त्याचं काम करतोय. त्याला बूच मारलं की दाब आतच साठतो. त्यातच थर्मोस्टॅट बिघडला आणि पाणी तापतच राहिलं, तर टाकी फुटू शकते. कुकरची शिट्टी आवाज करते म्हणून आपण ती बांधून ठेवतो का? मग हे थेंब का बंद करायचे? नळीखाली छोटी बादली ठेवा. गीझर बंद आणि पाणी गार असतानाही धार लागली, तर मात्र व्हॉल्व्ह खराब झालाय. तो बदलायचा, बुजवायचा नाही.

आम्ही त्या थंडीत गरम पाण्याचा आवाज ऐकून घाबरलो आणि खरा धोका मात्र आम्हीच लाकडाच्या बुचाने बंद करून ठेवला होता. तो काहीच आवाज करत नव्हता.

तेव्हा एवढं करा. बोअरचं पाणी असेल तर दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत वायरमनकडून कॉइल काढून साफ करून घ्या. वीज बंद, टाकी रिकामी, मगच हात. तापमान पन्नास-साठ अंशांच्या वर ठेवू नका. जास्त तापलं की थर जास्त धरतो. आणि आज घरी गेल्यावर गीझरखाली वाकून बघा, कुणी बूच, चिंधी किंवा एम-सील लावलंय का. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा. एका जरी घरातलं बूच निघालं, तरी आजचं बोलणं कामी आलं.