डॉक्टर वाटेत असताना

वैद्यकीय व्यवसाय एकट्याचा नव्हे, हे आपण सारेच व्यासपीठावरून सांगतो. तथापि आपली बहुतेक लहान रुग्णालये एकाच माणसाच्या खांद्यावर उभी असतात. तो आजारी पडला वा नुसता वाटेत अडकला, तरी सारी व्यवस्था डळमळते. अशा वेळीही न डगमगणारा संघ कसा घडतो, याचे माझ्या विषयातील उत्तम उदाहरण गडचिरोलीत आहे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी शुश्रूषा सुरू केली. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या, गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, ऊब राखणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोष ओळखणे आणि प्रसंगी जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून २५.५ वर आले. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावत. उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले.

या यशाचे श्रेय केवळ औषधाला देता येणार नाही. संकट येण्यापूर्वीच कोणी काय करावयाचे हे ठरलेले होते, हात सरावलेले होते, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरची वाट न पाहता कृती करण्याचा अधिकार त्या स्त्रियांना दिलेला होता. अधिकाराविना दिलेले प्रशिक्षण ऐन वेळी कुचकामी ठरते.

कलबुर्गी-आळंद रस्त्यावरील आपल्या कडगंची परिसराला हा धडा विशेष लागू आहे. जन्मतः न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास मिळावा लागतो. कलबुर्गीहून निघालेला बालरोगतज्ज्ञ त्या मिनिटात पोहोचणे शक्य नाही. तेथे असते ती रात्रपाळीची परिचारिका, आणि तिच्या हाताशी आयाबाई. एकीची भाषा कन्नड, दुसरीची मराठी, नातेवाईक दख्खनी बोलणारे. म्हणून सूचना तिन्ही भाषांत सर्वांना उमजतील अशा असाव्यात. प्रत्येक पाळीच्या आरंभी अँबू बॅग व मास्क तपासावेत. बाळाच्या बाहुलीवर दरमहा सराव व्हावा, आणि त्यात आयाबाईलाही स्थान असावे. एखादे बाळ दगावलेच, तर 'कोण चुकले' यापेक्षा 'कोठे उशीर झाला' हे आधी विचारावे. दोषाच्या भीतीने माणसे गप्प होतात, आणि गप्प राहणारा संघ काही शिकत नाही.

आपल्या रुग्णालयाची खरी कसोटी आपण तेथे असताना लागत नाही. आपण नसताना परिचारिकेचा हात न कचरता मास्ककडे जातो का, एवढेच प्रत्येकाने पाहावे.