डोळे मिटून स्वस्थ पडलेला मेंदू

आपल्यापैकी ज्यांनी कधी एमआरआय तपासणी करून घेतली असेल, त्यांना तो अनुभव सहजी विसरता येणार नाही. बोगद्यासारखे अरुंद यंत्र, कानांवर आदळणारी ठकठक आणि ‘मुळीच हलू नका’ ही ताकीद! त्या अवधीत आपण काहीही करीत नसतो. आपला मेंदू मात्र काय करीत असतो? भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाची संशोधनातील कारकीर्द याच प्रश्नाभोवती उभी राहिली.

१९९० च्या सुमारास सेईजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन धारण करून असताना एक चुंबकीय गुणधर्म दाखवते आणि ऑक्सिजन सोडून दिल्यावर दुसरा. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. तो एमआरआयला टिपता येतो. मग जगभर एकच पद्धत रूढ झाली. माणसाला बोटे हलवायला किंवा शब्द वाचायला सांगायचे आणि त्या वेळच्या प्रतिमेतून विश्रांतीची प्रतिमा वजा करायची. विश्रांती म्हणजे जणू शून्य, असे गृहीतच धरलेले होते.

बिस्वाल तेव्हा मिलवॉकी येथील मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये विद्यार्थी होते. यंत्राच्या संकेतात मिसळणारा गोंगाट कसा वेगळा काढावा, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. (विज्ञानात किती शोध असे केर काढता काढता लागले आहेत!) स्वस्थ पडलेल्या माणसांच्या संकेतांत त्यांना संथ चढउतार दिसले. एका लाटेला दहा सेकंदांहून अधिक वेळ लागावा, इतके संथ. विशेष म्हणजे, डाव्या बाजूच्या हातांच्या हालचालींचे नियमन करणाऱ्या भागात जेव्हा चढ येई, तेव्हाच उजव्या बाजूच्या तशाच भागातही चढ येई. हात तर निश्चल होते! १९९५ मध्ये जेम्स हाइड आदी सहकाऱ्यांसह त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. हे श्वासाचे आणि हृदयाच्या ठोक्यांचे पडसाद असावेत, अशी शंका अनेकांनी घेतली. ती अनाठायी नव्हती. पण पुढे निरनिराळ्या प्रयोगशाळांत तेच आढळत गेले.

या परस्परसंबंधाला ‘फंक्शनल कनेक्टिव्हिटी’, म्हणजे कार्यात्मक जोडणी, म्हणतात. वाचकहो, दिंडीच्या दोन टोकांचे टाळकरी एकाच ठेक्यात टाळ वाजवतात, तेव्हा त्यांच्यामध्ये काही दोरी बांधलेली नसते. दोघांचेही कान मधल्या मृदंगाकडे असू शकतात. मेंदूतील ही जोडणीही तशीच समजावी. दोन भाग एकत्र चढतात-उतरतात एवढेच ती सांगते. त्यांच्यात थेट तंतू आहे असे नव्हे.

सेंट लुईस येथील मार्कस रेचल यांनी २००१ मध्ये या विषयाला दुसरीच दिशा दिली. आपण बाहेरच्या कामातून मन काढून घेतो, तेव्हा मेंदूतील काही ठरावीक भाग अधिक सक्रिय असतात, हे त्यांनी दाखविले. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो आणि कामाला लागल्यावर त्यात अल्पशीच भर पडते. २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या मायकेल ग्रेशियस यांना अल्झायमरच्या रुग्णांत याच भागांचा मेळ क्षीण झालेला आढळला.

येथे मात्र सावध राहावे. हा फरक रुग्णांच्या गटाचा आहे, एकेका व्यक्तीचा नव्हे. शिवाय यंत्रात डोके मिलिमीटरहूनही कमी हलले तरी खोट्या जोडण्या दिसू शकतात, हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. आणि लहान मुले व वृद्धच अधिक हलतात. त्यामुळे आधीच्या काही निष्कर्षांकडे शास्त्रज्ञांना पुन्हा वळून पाहावे लागले. बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ३५ केंद्रांतील १,४१४ व्यक्तींची माहिती एकत्र करून सर्वांसाठी खुली केली, ती अशा पडताळणीला फार उपयोगी पडली. माझ्या मते मूळ शोधाइतकेच हे कामही मोलाचे आहे.

तेव्हा घरातील आजी-आजोबांना विस्मरण होऊ लागले, तर वाट जुनीच आहे: डॉक्टरांनी घेतलेला तपशीलवार इतिहास, स्मरणशक्तीच्या चाचण्या, बी-१२ व थायरॉइडची रक्ततपासणी आणि गरजेनुसार नेहमीचा एमआरआय. मेंदूतील जोडण्यांचा नकाशा काढून मुलाची बुद्धिमत्ता वा कल सांगतो, असे कोणी म्हणत असेल, तर पैसे मोजण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आज या तंत्राचा खरा हात लागतो तो काही मोजक्या रुग्णालयांत, मेंदूवरील शस्त्रक्रियेपूर्वी. गाठ काढायची आहे, पण मूल इतके लहान की ‘बोटे हलव’ म्हटले तर घाबरून रडू लागते. त्याला गुंगीचे औषध देऊन निजवतात. मूल झोपलेले असते, यंत्र ठकठकत असते, आणि त्याच्या हातांचे डावे-उजवे भाग त्या संथ लयीत चढत-उतरत शस्त्रक्रियातज्ज्ञाला आपली जागा दाखवीत राहतात.